पाठलागाचा घोडा

इंदूरहून निघालेली सडक उज्जैन शहरात शिरते ती नानाखेड्याच्या बाजूने. नावात खेडे असले तरी नानाखेडा आज शहराचाच एक गजबजलेला भाग आहे. येथे बसस्थानक आहे, क्रीडांगण आहे, आणि महाकालेश्वराच्या दर्शनासाठी आलेल्या यात्रेकरूंची वर्दळ तर अष्टौप्रहर चालू असते. अशा स्थानकावर घटकाभर उभे राहून माणसांचे चेहरे पाहावेत. मोटारीची वाट पाहणारा मनुष्य केवळ मोटारीचीच वाट पाहत असतो असे नाही. कोणाच्या पिशवीत न्यायालयाचे कागद असतात, कोणाच्या हातात रुग्णालयाची फाईल असते, कोणी परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावून बसलेला असतो, तर कोणी महिनाअखेरीस भरावयाच्या कर्जाच्या हप्त्याचा हिशेब बोटांवर करीत असतो. यांपैकी कोणाच्याही अंगावर या क्षणी वाघ धावून येत नसतो. तरीही कपाळावर आठ्या असतात, श्वास उथळ असतो, आणि कोणी नावाने हाक मारली तरी मनुष्य दचकतो.

या स्थितीला आपण हल्ली ‘ताण’ म्हणतो, आणि तो नव्या युगाचा रोग आहे असेही लगेच म्हणून मोकळे होतो. आपले पूर्वज मोठे स्वस्थचित्त होते, त्यांना घड्याळ नव्हते म्हणून घाई नव्हती आणि घाई नव्हती म्हणून चिंता नव्हती, अशी एक गोड समजूत सर्वत्र आढळते. ती समजूत इतिहासाच्या कागदपत्रांपुढे टिकत नाही.

प्रथम भाषेचीच साक्ष काढू. ‘काळजी’ हा शब्द ‘काळीज’ या शब्दाच्या किती निकट आहे ते पाहा. चिंता ही देहाच्या आत, थेट मर्मस्थानी बसते, हे आपल्या भाषेने शरीरशास्त्राच्या पुष्कळ आधी ओळखले होते. शिवाय या एकाच शब्दाचे मराठीने दोन परस्परविरोधी उपयोग केले आहेत. आपण ‘काळजी करू नका’ असे म्हणतो आणि त्याच दमात ‘काळजी घ्या’ असेही म्हणतो. करावयाची काळजी निराळी आणि घ्यावयाची काळजी निराळी.

दुसरी साक्ष देवालयांची. उज्जैनच्या नैर्ऋत्येस, क्षिप्रेच्या पलीकडे, चिंतामण गणेशाचे प्राचीन मंदिर आहे. चैत्र महिन्यातील बुधवारी तेथे जत्रा भरते, आणि लग्नाची पहिली पत्रिका या देवापुढे ठेवण्याची चाल माळव्यात आजही आहे. इकडे पुण्यापासून जवळच थेऊरला अष्टविनायकांपैकी चिंतामणी आहे. क्षयाने जर्जर झालेल्या थोरल्या माधवरावाने आपले अखेरचे दिवस त्याच्याच सान्निध्यात काढले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तेथेच देह ठेवला. ज्या समाजाने आपल्या देवाला चिंता हरण करणारा अशी पदवी दिली, तो समाज निश्चिंत होता असे कसे म्हणावे? लग्नासारख्या मंगल कार्याची पत्रिकाही तो प्रथम चिंतामणीकडेच नेत होता, यातच सर्व आले.

आता उज्जैनशी निगडित असलेल्या एका मोठ्या मराठ्याची हकीकत सांगतो.

उज्जैन ही शिंद्यांची पहिली राजधानी. राणोजी शिंद्याच्या अमदानीत येथे मराठी अंमल स्थिर झाला, आणि त्याचा दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर याने महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे १८१० मध्ये दौलतरावाने आपले ठाणे ग्वाल्हेरला हलविले, तोवर शिंद्यांच्या दौलतीचे हे मुख्य स्थान होते. राणोजीच्या पुत्रांच्या नशिबी मात्र स्वस्थता नव्हती. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात दग्याने मारला गेला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या काठी, बुराडी घाटावर पडला. तुकोजी आणि जयाप्पाचा मुलगा जनकोजी हे दोघे पानिपतच्या संहारात गेले. उरला तो महादजी. वय सुमारे तीस वर्षे.

१४ जानेवारी १७६१ ची ती संध्याकाळ. मराठी सैन्याची फळी फुटल्यावर महादजी आपल्या चपळ दक्षिणी घोडीवर बसून दक्षिणेच्या रोखाने निघाला. त्याच्या मागे एक अफगाण स्वार लागला. त्या अफगाणाचा घोडा अवजड, बेढब होता. त्याला वेग असा नव्हता. घोडी पुढे जाई, महादजी क्षणभर विसावा घेई, मागे वळून पाही, तो पुन्हा तो घोडा आपल्या ठरावीक चालीने येतच असे. असे किती तरी अंतर चालले. अखेर दमलेली घोडी एका खळग्यात कोसळली, अफगाणाने गाठले, गुडघ्यावर परशूचा घाव घातला, अंगावरचे दागिने काढून घेतले आणि जखमी मनुष्याला तेथेच टाकून तो निघून गेला. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने महादजीला उचलून आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे आणले. महादजी वाचला, पाय मात्र जन्माचा अधू झाला.

येथवरची गोष्ट बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. तिचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. तो सर जॉन माल्कम याने लिहून ठेवला आहे. हा माल्कम म्हणजे २१ डिसेंबर १८१७ रोजी उज्जैनजवळ महिदपूर येथे होळकरांच्या फौजेशी लढलेला आणि त्यानंतर काही वर्षे माळव्याचा कारभार पाहिलेला इंग्रज अधिकारी. मध्य हिंदुस्थानावरील त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो की, या पाठलागाचा महादजीच्या कल्पनेवर इतका खोल ठसा उमटला की पुढे दीर्घकाळ झोपेत त्याला तो अफगाण आणि त्याचा तो बेढब घोडा आपल्या घोडीच्या मागे येताना दिसत असे.

श्रोतेहो, हा महादजी कोण, हे क्षणभर आठवावे. दिल्लीच्या बादशहाला तख्तावर परत बसविणारा, सालबाईच्या तहात इंग्रजांशी बरोबरीने बोलणारा, उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत समर्थ पुरुष. त्याच्या शब्दावर सहस्रावधी तलवारी उपसल्या जात. आणि रात्री डोळा लागताच त्याच्या मागे एक साधा स्वार लागे, ज्याचे नाव इतिहासाला माहीत नाही आणि बहुधा महादजीलाही माहीत नव्हते.

यात दुर्बलतेचा लेशही नाही, हे आज शरीरशास्त्र आपल्याला सांगू शकते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने १९१५ मध्ये एक ग्रंथ लिहून भय आणि क्रोध यांच्या प्रसंगी देहात काय घडते त्याचे वर्णन केले. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. संकटाची चाहूल लागताच त्यांतून ॲड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. काळीज जोराने धडधडू लागते, श्वास वाढतो, रक्त स्नायूंकडे धावते, पचनाचे काम तात्पुरते थांबते. देह लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होतो. पानिपतच्या मैदानावर महादजीच्या देहाने हेच केले, आणि ते योग्यच होते. पाठलाग चालू असताना जेवण पचविण्याची घाई कोणाला असते?

यानंतर एकवीस वर्षांनी, १९३६ मध्ये, कॅनडातील माँट्रियल येथे हान्स सेल्ये याने उंदरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष एका लहानशा टिपणात प्रसिद्ध केले. थंडी असो, जखम असो किंवा अतिश्रम असोत, कारण कोणतेही असले तरी देहाचा प्रतिसाद ठरावीक साच्याचा असतो, आणि तो लांबला तर देहाचीच हानी करतो, असे त्याला आढळले. त्या ग्रंथी सुजत आणि जठरात व्रण पडत. अभियंते लोखंडी तुळईवरील भाराविषयी जो शब्द वापरीत, तो ‘स्ट्रेस’ हा शब्द पुढे सेल्येमुळे माणसांच्या संबंधात रूढ झाला. त्याचाच आपण ‘ताण’ केला.

या शास्त्रातला आपल्या उपयोगाचा मुद्दा असा की, देहाला खरा घोडा आणि आठवणीतला घोडा यांतील भेद नीटसा कळत नाही. वरिष्ठांचे कडक पत्र, शेजाऱ्याशी झालेला तंटा, उद्याची परीक्षा, एवढेच काय पण दहा वर्षांपूर्वीचा अपमान जरी मनात आला, तरी तीच यंत्रणा चालू होते, तेच काळीज धडधडते. पळावयास मात्र मैदान नसते. मनुष्य खुर्चीवर बसून पळत असतो. असे दिवसामागून दिवस चालले की झोप उडते, पोट बिघडते, रक्तदाब चढतो आणि घरातल्या मुलांवर उगाच ओरडणे सुरू होते. या शेवटच्या लक्षणाची नोंद ग्रंथांत ठळकपणे नसते. घरोघरी मात्र ते प्रथम तेच ओळखतात.

मग महादजीने काय केले? त्याने आपल्या मनोव्यापारांचे टिपण ठेवलेले नाही. त्याच्या आयुष्याकडे पाहून मात्र काही गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली ही की, ज्याने वाचविले त्याला तो विसरला नाही. राणेखान भिस्त्याला त्याने ‘भाऊ’ म्हटले, आणि ते नुसते म्हटले नाही; त्याला सरदारकी दिली, मोहिमा सोपविल्या. ज्या रात्री तो अफगाण स्वप्नात येई, त्या रात्रीनंतरच्या सकाळी ज्याने त्या खळग्यातून उचलले तो मनुष्य छावणीत समोर वावरत असे. घडलेला प्रसंग ज्याला सांगावा लागत नाही, कारण तो त्याने स्वतः पाहिलेला आहे, असा सोबती भाग्यवंतालाच लाभतो. महादजीच्या पदरी पुष्कळ वैभव होते, परंतु मला स्वतःला त्याचे खरे ऐश्वर्य राणेखान वाटतो.

दुसरी गोष्ट भक्तीची. महादजी कृष्णभक्त होता, तो स्वतः अभंग व पदे रचीत असे, आणि बीडच्या मन्सूरशहा या सूफी सत्पुरुषावर त्याची श्रद्धा होती. गोमंतकातून उत्तरेकडे आलेले संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांची व महादजीची भेट झाल्याची परंपरा आहे. महादजीने आपल्या रचना त्यांना दाखविल्या आणि सोहिरोबांनी त्याच्या वैभवाची तिळमात्र भीड न ठेवता नापसंती सांगितली, अशी आख्यायिका आहे. सोहिरोबांच्या चरित्राचा शेवटचा धागाही १७९२ च्या सुमारास या उज्जैनमध्येच सापडतो. आख्यायिका म्हणून ती किती खरी मानावी हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु ज्याच्यापुढे सारे माना तुकवितात, त्याला एखादा तरी खरे बोलणारा मनुष्य हवासा वाटावा, हे मनोवृत्तीच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक आहे.

तिसरी गोष्ट, आणि कदाचित सर्वांत मोठी, म्हणजे काम. पानिपतनंतर महादजी तेहतीस वर्षे जगला. १७८७ मध्ये लालसोटला त्याच्यावर मोठा बिकट प्रसंग आला, तोही त्याने पचविला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्याचे निधन झाले. त्याच पानिपतच्या वार्तेने नानासाहेब पेशव्याची आधीच ढासळलेली प्रकृती खचली आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्याचा अंत झाला. या दोघांची तुलना करून एकाला धैर्यवान आणि दुसऱ्याला भित्रा ठरविण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो अन्यायाचा आहे. नानासाहेबाचा पुत्र आणि चुलतभाऊ दोघेही एका दिवसात गेले होते. शिवाय रणात जखमी झालेल्याला निदान काय झाले ते ठाऊक असते. पुण्याकडे निघालेल्या प्रत्येक जासुदाची वाट पाहत बसणाऱ्याला ते ठाऊक नसते. अनिश्चिततेचा भार घावाच्या भारापेक्षा हलका असतो असे कोणी समजू नये.

आता, पाठलाग संपला आहे हे देहाला कसे पटवावे, या प्रश्नावर मराठी मुलखात एक उल्लेखनीय काम झाले आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगाच्या क्रियांना चमत्काराच्या धुक्यातून बाहेर काढून क्ष-किरण, रक्तदाबमापक आणि प्रयोगशाळा यांच्या कसोटीला लावावे, हा त्यांचा आग्रह. ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक त्यांनी त्यासाठीच चालविले. त्यांच्या मागोमाग, १९६९ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी, ज्यांत कैवल्यधामचे डॉ. विनेकरही होते, यांनी शवासनाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तदाबाचे सत्तेचाळीस रुग्ण त्यांनी घेतले. रुग्णाने उताणे पडून राहावयाचे, श्वास पोटाने व संथ घ्यावयाचा, आणि लक्ष नाकपुड्यांकडे ठेवावयाचे. आत येणारी हवा थंड लागते आणि बाहेर जाणारी उबदार, एवढेच पाहावयाचे. रोज सुमारे अर्धा तास. बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब उतरला, आणि जे औषधे घेत होते त्यांच्यापैकी अनेकांची मात्रा कमी करता आली. आजच्या कडक कसोट्यांनी पाहता तो अभ्यास लहान होता हे खरे, आणि वैद्यांना न विचारता कोणी औषध सोडू नये हेही खरे. परंतु शवासनाने श्रम हरतात व चित्ताला विश्रांती मिळते हे हठयोगाच्या जुन्या ग्रंथाचे विधान सार्वजनिक रुग्णालयातील पाऱ्याच्या नळीवर तपासून पाहिले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

यातील युक्ती सोपी आहे. हृदयाला ‘हळू चाल’ असे सांगता येत नाही, पण श्वासाला सांगता येते. ज्या थोड्या व्यापारांवर देहाची आणि मनाची दोघांची सत्ता चालते, त्यांत श्वास हा मुख्य. त्याचा लगाम धरला की बाकीची घोडी हळूहळू वेग कमी करतात. नानाखेड्याच्या स्थानकावरही हे करता येते. त्यासाठी लोणावळ्यालाच जावे लागते असे नाही.

परंतु येथे एक मोठी अडचण उभी राहते, आणि ती झाकून ठेवणारे उपदेशक मला पटत नाहीत. महादजीचा अफगाण केव्हाच निघून गेला होता. पण ज्याच्या मागचा घोडा खरोखरच अजून धावत आहे, त्याला डोळे मिटून श्वास मोजावयास सांगून काय होणार?

त्या घोड्याचे नाव बहुधा कर्ज असते. रणांगणावर अजिंक्य ठरलेला थोरला बाजीराव धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात कर्जाने कसा हैराण झाला होता ते पाहावे. सावकारांच्या पायांवर डोके ठेवून ठेवून कपाळाची कातडी झिजली, अशा अर्थाचे तो लिहितो. आणि मौज अशी की, ज्या स्वामींना तो हे गाऱ्हाणे सांगत होता, त्यांचेही पैसे त्याच्याकडे येणे होते. बाजीराव मंत्र जपत बसला असता तर कर्ज फिटले नसते. शांत चित्ताने विचार सुचतो हे कबूल. पण चित्त शांत करणे हा उपाय नव्हे, उपायाची पूर्वतयारी आहे.

सामान्य कुळांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच उघड दिसते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता, आणि कर्जाचे व्याज मुदलाच्या वर चढले होते. लोकांनी प्रामुख्याने काय केले? कर्जरोखे बाहेर काढून जाळले. माणसांवर फारसे हात टाकले नाहीत. ज्या कागदामुळे झोप येत नव्हती तो कागद त्यांनी जाळला. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कर्जाचा मूळ इतिहास न्यायालयाने तपासावा आणि शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. त्या कायद्यात पळवाटा होत्या आणि सावकारांनी त्या शोधल्याही. तथापि तुरुंगाचे भय गेले, हा कितीतरी घरांच्या रात्रींवर झालेला उपचारच होता. तो वैद्याने नव्हे, विधिमंडळाने केला एवढेच.

म्हणून आपल्या मागे कोणता घोडा आहे हे प्रथम वळून पाहिले पाहिजे. तो आठवणीतला असेल तर श्वास, विश्रांती, सोबत आणि काम यांचा गुण येतो. तो खरा असेल तर कागद काढून आकडे लिहावे लागतात, जाणत्याचा सल्ला घ्यावा लागतो, कधी मुदत मागावी लागते, कधी भांडावेही लागते. पुष्कळदा दोन्ही घोडे एकदम मागे असतात. आणि झोप कित्येक आठवडे उडाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल किंवा जगणे नकोसे होऊ लागले असेल, तर ते घरगुती उपायांच्या पलीकडचे आहे. त्यासाठी डॉक्टरकडेच जावे. शासनाने २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा चालू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे आपल्या भाषेत बोलता येते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. महादजीने आपले स्वप्न कोणाला तरी सांगितले होते, म्हणूनच तर ते माल्कमच्या कानी आले.

दोन्ही घोडे एकदम मागे लागलेल्या एका मनुष्याची आठवण या ठिकाणी होते. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. भिक्षुकी हा व्यवसाय, घर मोठे, आणि डोक्यावर कर्ज. दौलतराव शिंद्याची विधवा बायजाबाई मथुरेस मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर वाटणार, ही वार्ता कानी येताच कर्ज फेडण्याच्या आशेने ते १८५७ मध्ये काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले. घोडा खरा होता, आणि त्यावर त्यांनी घरी कुढत न बसता वाट धरण्याचा उपाय केला. इंदूर, उज्जैन, धार अशा माळव्याच्या मुलखातून ते पुढे गेले. ज्या सडकेवर आज नानाखेड्याचे स्थानक आहे, त्याच दिशेने डोक्यावर पडशी घेऊन हे चुलते-पुतणे उज्जैनला आले असतील. वाटेतच त्यांना शिपायांच्या उठावाची खबर लागली होती.

मग जे घडले ते त्यांनी कधी कल्पिलेही नव्हते. झाशीस राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला ते राहिले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातला, एप्रिलच्या आरंभी शहर पडले, आणि कत्तल व लूट या भटजींनी लपून राहून डोळ्यांनी पाहिली. कर्ज फेडण्यासाठी जमविलेले द्रव्य लुटले गेले. तहान, भूक, मृत्यूचे भय यांतून ते वाचले आणि हिंडत हिंडत काशीस गेले. तेथून परतताना त्यांच्याजवळ संपत्ती अशी काही नव्हती. मात्र गंगेच्या पाण्याची कावड होती. ती त्यांनी खांद्यावरून शेकडो कोस वाहून घरी आणली. रोज अमुक कोस चालावयाचे, पाणी सांडू द्यावयाचे नाही, आणि संध्याकाळी कावड सोवळ्यात टांगून ठेवावयाची. ज्याने झाशीची ती दृश्ये पाहिली होती त्याच्या मनाला त्या लांबच्या वाटेवर याहून उत्तम ओझे कोणते मिळाले असते, हे सांगणे कठीण आहे.

सुमारे पंचवीस वर्षांनंतर चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून भटजी लिहावयास बसले. सगळे लिहून काढले. कर्ज, निघतानाची आशा, माळवा, झाशी, जळती घरे, विहिरीवरची राणी, आणि स्वतःची फजितीही. ‘माझा प्रवास’ हा तो ग्रंथ वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मोठमोठ्या लढायांची वर्णने आहेत, परंतु भटजींची लेखणी खरी रमते ती शेवटी, वरसईला पोचल्यावर, आणलेल्या गंगाजळाने आईवडिलांना स्नान घातले त्या प्रसंगी.